दाखवायचं घर

नाथाशेठ म्हात्रे वाईट घरमालक नव्हते, आणि लांजेकर कुटुंबाची खरी अडचण तीच होती. वाईट मालकाशी भांडता येतं. नाथाशेठ दर गणपतीत मुर्ध्याहून डबाभर करंज्या पाठवायचे, अकरा महिन्यांचा करार संपला की नवा करायला विसरायचे आणि विसरल्याबद्दल स्वतःच कानाला हात लावायचे. असा माणूस गुरुवारी संध्याकाळी जेसल पार्कातल्या स्वतःच्याच फ्लॅटमध्ये, भाडेकरूच्या सोफ्याच्या कडेवर अंग चोरून बसला आणि "एक काम व्हतं" म्हणाला. काम काय ते कळण्याआधीच पराग "हो हो, सांगा ना" म्हणून मोकळा झाला. रसिकाने ते स्वयंपाकघरातून ऐकलं आणि गॅस बारीक केला.

"साहिलचं जमतंय बगा," नाथाशेठ म्हणाले. "पेनची पोरगी. स्वाती नाव. नर्स हाय. समदं पसंत हाय. पन तिची एक आत्या हाय, विमलाबाई. ती म्हनते, पोराचं घर बगू."

"मग दाखवा ना."

"मुर्ध्याचं दाखवलं. आमी चार भाव, चार सुना, पोरंबाळं. आत्याबाई दारात उभं राहून मानसं मोजायला लागली. मंग मीच बोललो, जेसल पार्कला आमचा फ्लॅट हाय."

"बरोबर. आहेच."

"हाय ना! पन भाडेकरू हाय असं न्हाय बोललो." नाथाशेठांनी छताकडे पाहिलं. "घरचीच मानसं ऱ्हातात, घर सांबाळतात, असं बोललो. रविवारी येतील, च्या पितील, जातील. साहिल काय इथं ऱ्हायला येनार न्हाय. त्याची आई सोडायची न्हाय त्याला. नुसतं दाखवायचं."

परागने पुन्हा हो हो म्हटलं. नाथाशेठ गेले. बंटी पलंगाखालून बाहेर आला.

बंटीचं पलंगाखाली जाणं ही नवी गोष्ट नव्हती. तो या घरात रांगायला लागला होता, आणि आई-बाबा या शब्दांनंतर त्याचा तिसरा शब्द 'मालक' हा होता. भिंतीवर रेघ मारली की मालक येतील, नळ सोडून दिला की मालक येतील, फरशीवर गाडी आपटली की मालक खालच्या मजल्यावर उभे आहेत. दुसऱ्यांच्या घरात पोरं वाढवायची तर कुणीतरी बागुलबुवा लागतो. लांजेकरांनी त्यासाठी त्यातल्या त्यात प्रेमळ माणूस निवडला होता. बंटी आता दुसरीत होता आणि करंज्या तो मालक लिफ्टमध्ये शिरल्यावरच खायचा.

"घर बघितल्यावर ते घेणार," रसिका म्हणाली.

"नुसतं दाखवायचंय म्हणाले ते."

"पराग, लग्नाच्या मुलीला सासरचा रिकामा होऊ शकणारा फ्लॅट दाखवायचा आणि तिने 'छान आहे' म्हणून परत अठ्ठावीस माणसांत जाऊन राहायचं? तू राहशील?"

"नाही म्हटलं असतं तर करार केला नसता त्यांनी."

"आत्ता तरी कुठे केलाय? जानेवारीपासून आपण कराराशिवाय राहतोय. उद्या म्हणाले निघा, तर निघायचं. रुचिताची दहावी आहे. मार्चमध्ये पेपर आणि नोव्हेंबरमध्ये टेम्पो."

रुचिता आतल्या खोलीत भूमितीचं प्रमेय पाठ करत होती. तिने आवाज थोडा वाढवला. आपलं नाव निघालं की आवाज वाढवायचा, म्हणजे अभ्यास चालू आहे असं समजून लोक पुढचं मोकळेपणाने बोलतात, हे तिला या घरात सात वर्षांत समजलं होतं.

शनिवारी परागची बहीण ममता हाटकेशहून आली. ममताचा हाटकेशला स्वतःचा फ्लॅट होता, आणि ती माहेरी आली की चपला काढताना "आमच्याकडे ना," असं म्हणूनच आत यायची. रसिकाने तिला बेत सांगितला. बेत साधा होता: घर बुधवारी असतं तसं ठेवायचं. भांडी ओट्यावर, कपडे खुर्चीवर, बंटी मोकळा. वर न्हाणीघराचा गळका नळ, बाल्कनीतली कबुतरं आणि आतल्या खोलीतली ओल आवर्जून दाखवायची.

"वहिनी बरोबर बोलतेय, आई," ममता म्हणाली. "आमच्याकडे ना, वरचे भाडेकरू होते, त्यांनी एवढं चकाचक ठेवलं, मालकाने सरळ मुलीला दिलं घर."

अंबिकाबाई तांदूळ निवडत होत्या. लालबागची खोली विकल्यापासून त्यांनी विरारला, नालासोपाऱ्याला आणि इथे, अशी तीन घरं दुसऱ्यांची म्हणून सांभाळली होती, आणि आधीची दोन्ही सोडताना फरशी पुसून किल्ली दिली होती. एकदा तर मालक घर पाडणार होता.

"मी काही बोलत नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं ठरलंय ना? मग झालं."

हे ऐकून रसिका निर्धास्त झाली. सोळा वर्षं सून राहूनही माणसाच्या हातून अशा चुका होतात.

रविवारी ती दूध घेऊन परतली, तेव्हा हॉलमध्ये पडदे नव्हते. ते धुऊन बाल्कनीत वाळत होते. ओटा पुसलेला होता. डबे उंचीप्रमाणे लावलेले होते, आणि दाराच्या चौकटीला तोरण लावणाऱ्या ममताला अंबिकाबाई खालून "डावीकडे, डावीकडे" सांगत होत्या.

"आई, काय ठरलं होतं?"

"मी काय केलं? पडदे मळले होते."

"ममता, तू काल माझ्या बाजूने होतीस."

"काल पाहुणे नव्हते, वहिनी." ममता स्टुलावरून खाली उतरली. "उद्या पेणात जाऊन ती बाई सांगेल, लांजेकरांचं घर म्हणजे उकिरडा. माझं माहेर आहे हे."

"भाड्याचं माहेर आहे."

"माहेर भाड्याचं असलं तरी अब्रू भाड्याची नसते," ममता म्हणाली आणि आपण हे बोललो याचं तिलाच जरा आश्चर्य वाटलं.

रसिकाने नवऱ्याकडे पाहिलं. पराग केबिन रोडवरून आणलेल्या ढोकळ्याचं पुडकं हातात घेऊन उभा होता. ते कुणाच्या बाजूने आणलं हे त्याला सांगता आलं नसतं. घरात दोन पक्ष पडले की आपण बाजारात जाऊन काहीतरी आणायचं, एवढंच धोरण त्याला माहीत होतं आणि आजवर ते बऱ्यापैकी चाललं होतं.

उरला बंटी. रसिकाने त्याला कोपऱ्यात घेतलं. "आज काय हवं ते कर. ओरड, उड्या मार, बॉल खेळ. कुणी रागावणार नाही."

बंटीने आईकडे संशयाने पाहिलं. "कोण येणारेय?"

"नाथाकाका आणि त्यांचे पाहुणे."

"मालक?" बंटीने विचारलं. त्याने केस पाण्याने बसवले, सोफ्याच्या टोकाला जाऊन मांडी घातली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. पाहुणे जाईपर्यंत तो तसाच बसला.

पाहुणे पाचजण होते. नाथाशेठ पुढे, मागे त्यांची बायको शेवंती, मग साहिल, मग स्वाती, आणि सगळ्यांच्या शेवटी विमलाबाई. त्या जिना, लिफ्ट आणि दारावरची पाटी पाहत सावकाश आल्या. पाटीवर लांजेकर असं लिहिलं होतं. पाटी काढायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

"तुम्ही नाथाशेठचे कोण?" विमलाबाईंनी बसता बसताच विचारलं.

"भाचा," पराग म्हणाला.

"मेव्हणे," त्याच क्षणी ममता म्हणाली.

विमलाबाईंनी नाथाशेठांकडे पाहिलं. नाथाशेठ विचारात पडले नाहीत. "दोनी बाजूनं लागतंय," ते म्हणाले.

"आमचं मूळ रत्नागिरीचं," अंबिकाबाईंनी नातं आणखी स्पष्ट केलं, आणि त्या चहा ठेवायला गेल्या.

इथून पुढे जे झालं, त्याला नंतर परागने 'मॅच' म्हटलं, पण ते अगदी हळू आवाजात, हसऱ्या चेहऱ्यांनी झालं. रसिकाला एक अनपेक्षित जोडीदार मिळाली. साहिलने वेगळं राहावं असं शेवंतीच्या मनात अजिबात नव्हतं. ती सोफ्यावर बसल्यापासून हॉलच्या कोपऱ्यांत खोट शोधत होती.

"वारा न्हाय इथं," शेवंती म्हणाली.

"अजिबात नाही," रसिका म्हणाली. "उन्हाळ्यात तर जीव जातो."

"वारा नाही कसा?" अंबिकाबाई आतून ट्रे घेऊन आल्या. "बाल्कनीचं दार उघडलं की पंखा लागत नाही. ममता, उघड गं दार."

ममताने दार उघडलं. धुतलेले पडदे दोरीवर असे फडफडले की एक स्वातीच्या खांद्यावर येऊन पडला. तिने तो बाजूला केला आणि हसली. साहिल तो पडदा पाहत बसला.

"पाणी एकच वेळ येतं," रसिका म्हणाली.

"आमच्याकडे दिवसाआड येतं," विमलाबाई म्हणाल्या. "हा मुलगा किती शांत हो! एवढ्या वयाची मुलं घर डोक्यावर घेतात."

"त्याला बरं नाहीये आज."

"मी बरा आहे," बंटी न हलता म्हणाला.

"आतल्या खोलीत ओल आहे," रसिका म्हणाली. हा शेवटचा हुकमी पत्ता होता. "कपाटामागे. भिंत फुगते पावसाळ्यात."

अंबिकाबाईंनी कप खाली ठेवला. गेले तीन दिवस त्यांनी खरोखरच बरंच सहन केलं होतं. भांडी ओट्यावर ठेवा म्हटलं, ऐकून घेतलं. बंटीला बिघडवा म्हटलं, ऐकून घेतलं. पण जी भिंत त्यांनी स्वतः उभं राहून, बाहेरून परांची बांधून चढलेल्या माणसाला खिडकीतून चहा देत दुरुस्त करून घेतली होती, तिला कुणी ओली म्हणायचं?

"यायची," त्या म्हणाल्या. "दोन पावसाळे झाले, थेंब नाही. चला, हात लावून बघा."

सगळे उठले आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीला हात लावून आले. भिंत कोरडी होती. रुचिता पलंगावर पुस्तकं घेऊन बसली होती. तिने पाय आखडते घेतले.

"कंदी केलात हे?" नाथाशेठ म्हणाले. त्यांचा हात अजून भिंतीवर होता. "मला न्हाय सांगितलंत ते?"

"तुम्हाला कशाला त्रास," पराग म्हणाला.

"आपल्या घराला मी जेवडं..." नाथाशेठांनी खिशात रुमाल शोधला.

"डोलं पुसा," शेवंती म्हणाली. "पाहुनं बगतात." रसिका आणि ती, दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. हरलेल्या माणसांना जास्त बोलावं लागत नाही.

बाकीचे ढोकळ्याकडे परतले. स्वाती मात्र मागेच रेंगाळली. रसिकाही थांबली, पाहुण्यांना एकटं सोडायचं नाही, एवढं तिला पक्ष कुठलाही असला तरी समजत होतं.

रुचिताने पुस्तकात मान घातली आणि प्रमेय पुटपुटायला सुरुवात केली.

स्वाती खिडकीपाशी गेली नाही, कपाट उघडून पाहिलं नाही. ती दारापाशी उभी राहिली आणि हॉलमध्ये ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "ताई, एक विचारू? या खोलीचं दार आतून नीट लागतं का?"

रसिकाने कडीकडे पाहिलं.

वन बीएचकेत आतली खोली एकच असते. ती सात वर्षं अंबिकाबाई आणि दोन मुलांची होती. पराग आणि रसिका हॉलमध्ये झोपायचे, खाली गादी घालून, कुणी पाणी प्यायला उठलं तर त्याला वाट राहील अशा बेताने. त्याआधी नालासोपाऱ्याला हॉल होता. त्याआधी विरारला पडदा होता. ही तक्रार रसिकाने कधी कुणाकडे केली नव्हती, कारण ती कुठल्या शब्दांत करायची असते हे तिला ठाऊक नव्हतं. समोरच्या मुलीने सरळ दाराबद्दल विचारलं होतं.

'नाही' म्हटलं असतं, की कडी बसत नाही, चौकट फुगलीय, तर ही मुलगी बहुधा पुन्हा आली नसती. रुचिताचं पुटपुटणं थांबलं होतं आणि ते थांबलंय हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"लागतं," रसिका म्हणाली. "जरा वर उचलून लावावं लागतं. हे असं." तिने दार लोटलं, कडी उचलली, सरकवली. कडी बसली. हॉलमधले आवाज एकदम लांब गेले. तिने कडी काढली.

"मुर्ध्याच्या घरात आतल्या खोल्यांना दारंच नाहीत," स्वाती म्हणाली. "मी पहिल्यांदा गेले तेव्हाच बघितलं." मग थोडं थांबून, "तुम्ही त्यांच्या नात्यातल्या नाही ना?"

"नाही. भाडेकरू."

"वाटलंच. नात्यातल्यांनी ओल दाखवली नसती."

"हिची दहावी आहे," रसिका म्हणाली. यात विनंती नव्हती. घरात वायरिंग कुठून गेलंय ते सांगावं तशा आवाजात ती म्हणाली. "मार्चअखेर पेपर संपतात."

स्वातीने रुचिताकडे पाहिलं. रुचिताने घाईने पान उलटलं, ते भलतीकडेच उलटलं.

"मला मेच्या आधी रजा नाही मिळायची," स्वाती म्हणाली.

"सांगितलंय का हॉस्पिटलने?"

"मी अजून विचारलेलं नाहीये."

हॉलमध्ये पुढचं सगळं भराभर झालं. स्वातीने आत्याच्या कानाशी दोन वाक्यं सांगितली. विमलाबाईंनी ढोकळ्याचा तुकडा संपवला, हात पुसले आणि आपला निर्णय म्हणून जाहीर केलं की मुलगी याच घरात राहील, आणि लग्न मेमध्ये होईल, कारण आपल्याला उन्हाळ्यातलीच लग्नं आवडतात. नाथाशेठ म्हणाले की त्यांच्याही मनात तेच होतं. शेवंतीने साहिलकडे पाहिलं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलेलं दिसलं. ते पाहून तिने पर्स उघडली, बंद केली, आणि "चला मंग" म्हणाली.

लिफ्टपाशी नाथाशेठांनी परागचा हात धरला. "परागभाव, मी बोललो व्हतो नुसतं दाखवायचं..."

"असू दे हो. तुमचंच घर आहे."

"तुमचं सामान हलवायला टेम्पो माझा. येप्रिलला."

"हो हो," पराग म्हणाला.

दार लागलं. बंटी सोफ्यावरून उठला आणि त्याने हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सहा फेऱ्या धावत मारल्या. कुणी त्याला अडवलं नाही.

"झालं?" ममता म्हणाली. "तरी मी कालच म्हणत होते. आमच्याकडे ना..."

"काल तू माझ्या बाजूने होतीस, आज आईंच्या. आता कुणाच्या आहेस?" रसिकाने विचारलं.

"मी कुणाच्याच नाही. मी सांगतेय फक्त. आई, तुला पण काय गरज होती भिंत दाखवायची?"

"कोरडी भिंत ओली सांगू?" अंबिकाबाई म्हणाल्या. "आणि माझ्यावर कशाला घेता? भिंत बघून कुणी हो म्हटलं नाही. ती आत जाऊन आली आणि मग हो म्हणाली." त्या रसिकाकडे वळल्या. "काय सांगितलंस तिला आत?"

"काही नाही."

"काही नाहीवर कुणी घर पसंत करतं?"

"रसिका," पराग म्हणाला, "तुझाच तर प्लॅन होता सगळा. काय विचारलं तिने?"

रसिकाने बशा गोळा करायला घेतल्या. त्या आधीच कुणीतरी गोळा करून ठेवलेल्या होत्या.

"दार आतून लागतं का, असं विचारलं," रुचिता खोलीच्या उंबऱ्यात येऊन म्हणाली. परीक्षेत विचारलेल्या एका गुणाच्या प्रश्नाचं उत्तर द्यावं तशी ती बोलत होती. "आई म्हणाली, लागतं. लावून पण दाखवलं. मग ती म्हणाली, मे."

"एवढंच?" ममता म्हणाली. "मग नाही म्हणायचं, वहिनी! एका शब्दाचं काम होतं."

परागला बायकोकडे पाहायचं होतं, पण आईसमोर ते जमेना, म्हणून तो पंख्याकडे पाहत राहिला. रसिकाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. बंटीची सातवी फेरी सुरू झाली.

अंबिकाबाई कुणाकडेच पाहत नव्हत्या. त्यांनी सोफ्याची चादर नीट केली, उशी झटकली, परत ठेवली, पुन्हा उचलून झटकली. त्यांच्या चेहऱ्यावरून काही ओळखणं नेहमीच कठीण असायचं. लालबागची खोली विकली त्या दिवशीही त्यांनी फक्त पितळेचा डबा शोधला होता.

"नवीन घरात मी बाहेर झोपणार," त्या म्हणाल्या.

"का?" पराग म्हणाला.

"मला टीव्ही लागतो."

"आई, तू साडेनवाला झोपतेस," ममता म्हणाली. "आणि बाहेर तुला झोप येत नाही. आतली खोली लागते तुला. कायम म्हणतेस."

"कोण म्हणतं?"

"तूच!"

"मग आता मी वेगळं म्हणतेय. मुलं पण माझ्याजवळ बाहेर झोपतील. रुचिता, तू अभ्यासाला रात्री बस हवं तर स्वयंपाकघरात, दिव्याचा आम्हाला त्रास नाही." त्यांनी उशी शेवटची म्हणून जागेवर ठेवली. "आतल्या खोलीत मला गुदमरतं."

"सात वर्षं नाही गुदमरलं ते?"

"सात वर्षं मला कुणी विचारलं?"

ममताने उरलेला ढोकळा डब्यात भरायला घेतला. रसिका ओट्याशी पाठ करून उभी होती. सासूबाईंना काही म्हणायला हवं होतं, पण 'थँक्यू' म्हटलं तर विषय उघडा पडला असता, आणि विषय उघडा पडू नये म्हणून तर त्या टीव्हीचं नाव पुढे करत होत्या.

"आई," ती एवढंच म्हणाली, "चहा ठेवू?"

"ठेव. माझ्यात साखर कमी." अंबिकाबाई खुर्चीवर टेकल्या आणि मुलाकडे वळल्या. "आणि घर बघायला जाशील तेव्हा एजंट वारा, पाणी, उजेड सगळं सांगेल. तू आधी आतल्या खोलीत जा. कडी लावून बघ. नुसती आहे म्हणून परत येऊ नकोस."